ऑडिशनला जाताना आपली बोली घरी ठेवू नका

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांमधून दोन प्रकारची धावपळ सुरू होते. एक सगळ्यांना ठाऊक असलेली: इंजिनिअरिंग, मेडिकल, कॉमर्सचे फॉर्म, कटऑफ, दाखले. दुसरी जरा दबक्या आवाजातली. ‘तिला नाटक शिकायला जायचंय म्हणे.’ ‘तो तबल्यात डिग्री करायची म्हणतोय.’ पहिल्या धावपळीसाठी गल्लोगल्ली क्लास आहेत. दुसरीसाठी काय तयारी करायची हे सांगणारं मात्र शेजारीपाजारी सहसा कुणी नसतं.

माझ्या भाचीच्या वेळी आमचंही तेच झालं. घर वडोदऱ्याचं, इथली आमची चौथी पिढी. शाळेत गुजराती, मैत्रिणींमध्ये हिंदी-गुजराती, घरात आमची बडोदी मराठी. भाजीला आम्ही शाक म्हणतो आणि वाक्याच्या शेवटी कधी ‘ने’ येऊन बसतो ते आम्हालाच कळत नाही. गणपतीत मंडळाच्या एकांकिकेत काम करता करता हिला नाटकाची ओढ लागली आणि महाराष्ट्रातल्या एका नाट्यविभागाचा तिने फॉर्म भरला. दोन महिने तयारी केली ती मुख्यतः एका गोष्टीची: आपण बाहेरचे आहोत हे बोलण्यावरून कळता कामा नये. व्हिडिओ बघून बघून तिने पुण्याच्या मुलींसारखं बोलणं घोटून घेतलं.

ऑडिशनला तिसऱ्या-चौथ्या वाक्यालाच परीक्षकांनी तिला थांबवलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘छान पाठ आहे. आता हेच घरी आजीला सांगतेयस असं सांग.’

ती गप्प उभी राहिली. शब्द सगळे पाठ होते, पण आजीशी बोलायचं म्हणजे बडोदी बोलायचं, आणि तेच तर लपवायचं होतं! शेवटी तिने तोच उतारा त्याच सुरात पुन्हा म्हटला. परतीच्या गाडीत रात्री उशिरा म्हणाली, ‘मावशी, मला तिथे घरच्यासारखं बोलायची लाज वाटली.’ यादीत तिचं नाव आलं नाही.

त्यानंतरच्या वर्षभरात आम्ही दोघींनी बऱ्याच जणांना विचारलं, बरंच वाचलं. काही गोष्टी आधी कळल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या या वर्षी फॉर्म भरणाऱ्या तुमच्यासाठी.

तिथे बघतात तरी काय?

ऑडिशन ही स्पर्धा नाही आणि वार्षिक स्नेहसंमेलनही नाही. स्पर्धेत तयार झालेला पदार्थ चाखतात. प्रवेशाच्या वेळी पीठ कसं आहे ते बघतात. पुढची तीन-चार वर्षं ज्यांना शिकवायचं, ती मुलं शिकण्याजोगी आहेत का, हा त्यांचा प्रश्न असतो.

म्हणून तर ते मध्येच थांबवतात. गाणाऱ्याला म्हणतात, आता हीच ओळ जरा संथ गा. तबल्यावर म्हणतात, हाच कायदा दुगुनीत वाजव. नाटकाच्या मुलाला म्हणतात, हेच रागाने नको, हसत बोल. थांबवलं म्हणजे आपलं चुकलं असं वाटून निम्मी मुलं तिथेच ढेपाळतात. खरं तर थांबवून पुन्हा करायला सांगणं म्हणजे तुमच्यात थोडा रस घेणं. बदल करून दाखवता आला, मग तो कच्चा का असेना, तर शिकवणाऱ्याला हवं ते मिळालेलं असतं.

यावरून तयारीचा पहिला नियम निघतो: घोटून घोटून एकच साचा करू नका. जे करणार आहात ते चार तऱ्हांनी करून पाहा. स्वयंपाकघरात आईशी बोलल्यासारखं, बसस्टॉपवर अनोळखी माणसाशी बोलल्यासारखं, कुजबुजत, चालता चालता. पाठांतर इतकं पक्कं हवं की शब्दांची काळजीच उरू नये, आणि सूर इतका मोकळा हवा की कुणी सांगितलं की बदलता यावा.

आधी ठिकाण ठरवा

आपल्यापैकी पुष्कळांना आपल्याच गावातल्या संस्थांची नीट माहिती नसते. वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांनी मौलाबक्ष यांच्याकडून १८८६ मध्ये गायनशाळा सुरू करवली. आजची महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी हा तिचाच वारसा. पुढे १९१६ मध्ये पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यातच. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१८ मध्ये, ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय उभं राहिलं. त्या शहरात आता राजा मानसिंह तोमर यांच्या नावाचं संगीत आणि कलांचं विद्यापीठही आहे. पणजीला कला अकादमी आणि गोवा संगीत महाविद्यालय आहे. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात नाट्य आणि नृत्याचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. पुण्याच्या विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून संगीत, नृत्य आणि नाट्य गुरुकुल पद्धतीने शिकवत आलं आहे. मुंबई विद्यापीठाची नाट्यअकादमी पदव्युत्तर वर्ग चालवते.

आणि दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पण तिथे बारावीनंतर लगेच जाता येत नाही, आधी पदवी लागते. निवडही एका दिवसात होत नाही. आधी वेगवेगळ्या शहरांत प्राथमिक फेरी आणि त्यातून निवडलेल्यांची दिल्लीत काही दिवसांची कार्यशाळा. त्यामुळे बारावीला असाल तर दिल्लीचं स्वप्न जरूर पाहा, पण मधली तीन वर्षं कुठे घालवायची ते आत्ता ठरवा.

प्रत्येक ठिकाणचं माहितीपत्रक वेगळं असतं आणि दरवर्षी थोडं बदलतं. किती मिनिटं, कोणत्या भाषेत, साथीला कोण, वयाची अट काय, कागद कोणते, हे मागच्या वर्षीच्या मुलाला विचारून भागवू नका. या वर्षीचं पत्रक छापून घ्या, रेघा मारून वाचा. अर्धी धांदल तिथेच वाचते.

उतारा आपल्या वयाचा

नाटकाला जाणाऱ्या मुलांचा आवडता अपघात म्हणजे ‘नटसम्राट’. कुसुमाग्रजांचं १९७० सालचं हे नाटक थोर आहे, पण आप्पासाहेब बेलवलकर हा आयुष्य संपत आलेला नट आहे. अठराव्या वर्षी त्यांचं स्वगत म्हटलं की ऐकणाऱ्याला तुम्ही दिसत नाही, तुम्ही ज्यांची नक्कल करताय ते मोठे नट दिसतात. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मधल्या बेणारेच्या शेवटच्या स्वगताचंही तेच. परीक्षकांनी ते इतक्यांदा ऐकलेलं असतं की तुमच्याआधीच त्यांना पुढचं वाक्य ठाऊक असतं.

आपल्या वयाच्या आसपासचं पात्र निवडा. त्या पात्राला समोरच्या माणसाकडून काहीतरी हवं असलं पाहिजे: पैसे, परवानगी, माफी, काहीही. नुसतं दुःख सांगणारा उतारा अवघड जातो, काही मागणारा उतारा तुम्हाला आपोआप हलवतो. उदाहरण द्यायचं तर महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ वाचा. त्यातली प्रभा ही शिकायची इच्छा असून शिकू न दिलेली मुलगी आहे. आपल्याकडच्या किती घरांत अशी एखादी आत्या असते! तिचं म्हणणं कळायला अभिनयाचा क्लास लागत नाही, घरातल्या माणसांकडे बघितलेलं लागतं.

आणि कृपा करून पूर्ण नाटक वाचा. इंटरनेटवर मिळालेलं एक पान पाठ करून जाणाऱ्याला ‘याच्या आधी काय झालंय?’ एवढाच प्रश्न पुरतो.

गाणं, तबला, नृत्य

गायनाच्या खोलीत वेळ थोडा असतो. पाच मिनिटं मिळतील असं धरून चाला आणि त्यातली तीन आलापात घालवू नका. एकच राग, पण आतबाहेर ओळखीचा. यमन सगळेच गातात म्हणून घाबरून ऐन वेळी अवघड राग उचलणारी मुलं पहिल्याच वळणावर घसरतात. यमनमधला तीव्र मध्यम नेमका लागला तर तो पुरेसा आहे. पेटीवर स्वर वाजवून ‘हा म्हण’ असं विचारतात, हाताने ताल धरून बंदिश म्हणायला सांगतात. त्यामुळे रोज कुणाला तरी पेटीवर बसवून दहा स्वर ओळखण्याचा खेळ करा. आणि आपली पट्टी पाठ ठेवा. ‘कुठली पट्टी?’ या प्रश्नावर ‘काळी चार’ असं ताडकन सांगणारी मुलगी आणि ‘ॲपवर बघते’ म्हणणारी मुलगी यांच्यात परीक्षकांना दारातच फरक दिसतो.

तबल्याला वेगाची हौस आवरा. तीनतालातला एक कायदा, त्याचे चार पलटे आणि समेवर बिनचूक येणारी तिहाई, एवढं स्वच्छ वाजवलं तर पुष्कळ झालं. झपतालाच्या दहा आणि रूपकाच्या सात मात्रांचा साधा ठेका लेहऱ्यावर न डगमगता धरता येतो का, हे हमखास बघतात. हातोडी स्वतःची न्या. तिथला तबला तुमच्या पट्टीला लावलेला असेलच असं नाही.

कथकला जाणाऱ्यांनी तुकडा नाचण्याआधी त्याची पढंत हातावर ताल देत करता येते ना हे पाहावं. भरतनाट्यमवाल्यांनी आकर्षक नृत्यरचनेपेक्षा अरमंडी आणि अडवू यांवर वेळ घालवावा. पाया कच्चा असेल तर झगमगता पोशाख तो झाकत नाही, उलट दाखवतो. साधा सुती सलवार-कुडता, घट्ट बांधलेली ओढणी, बस्स.

घरात गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा किंवा विशारदची प्रमाणपत्रं असतील तर फाईलमध्ये जरूर ठेवा. ती तुमची मेहनतीची वर्षं सांगतात. पण खोलीत वाजतो तो स्वर. कागद त्याच्या मदतीला येत नाही.

आपल्या बोलीचं काय करायचं?

आता मूळ मुद्द्यावर येते, कारण महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलामुलींना तोच नडतो.

आपली मराठी जराशी वेगळी आहे. वडोदऱ्याची गुजरातीच्या कुशीतली, इंदूर-ग्वाल्हेरची हिंदीच्या, बेळगावची कानडीच्या, गोव्याची कोकणीच्या, हैदराबादची दखनीच्या. मुंबई-पुण्यात गेल्यावर कुणीतरी हसतं आणि आपण ती गिळून टाकतो. पण जरा आठवून बघा. पु. ल. देशपांड्यांनी रंगवलेले बेळगावचे रावसाहेब महाराष्ट्राच्या इतके लक्षात का राहिले? त्या कानडी वळणाच्या मराठीशिवाय रावसाहेब उभेच राहत नाहीत. दुसरं उदाहरण कुमार गंधर्वांचं. जन्म १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. घरची भाषा कानडी. आयुष्याचा मोठा काळ गेला माळव्यात, देवासला. आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या कानांवर आलेली माळव्याची लोकगीतं त्यांनी परकी म्हणून सोडून दिली नाहीत, त्यांतून त्यांचं गाणंच नव्याने घडलं. दोन भाषांच्या सीमेवर वाढलेला कान ही उणीव नाही, ती कमाई आहे.

याचा अर्थ प्रमाण मराठी यायला नको असा नाही. नटाला ती आलीच पाहिजे, आणि आपली मुलं खरी अडखळतात ती इथे. समोर मराठीचं छापील पान ठेवून ‘वाच’ म्हटलं की गुजराती, कानडी किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलाची गाडी थांबते. यावर उपाय एकच: आजपासून रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचन. वर्तमानपत्राचा अग्रलेख, कथा, काहीही. शेजारी आजी-आजोबांना बसवा. ‘ळ’चा ‘ल’ झाला, ‘ण’चा ‘न’ झाला की ते टोकतीलच. ‘जरा थांब’ मधला ‘ज’ आणि ‘जरा-मरण’ मधला ‘ज’ वेगळे आहेत. हा फरक हिंदी-गुजरातीत नाही, म्हणून आपल्या जिभेवरून तो पटकन निसटतो. तो कानाने शिकावा लागतो, आणि तसा कान असलेली माणसं अजून आपल्या घरात आहेत.

म्हणजे दोन्ही हवं. प्रमाण मराठी शिकायची, आणि घरची बोली लपवायची नाही. ‘तुझ्या घरी कसं बोलतात?’ असं विचारलं तर संकोच न करता बोलायचं. मात्र विनोदासाठी तिचं प्रदर्शनही मांडायचं नाही. आजी जशी बोलते तशी, तिच्याबद्दलच्या मायेने.

आदला दिवस आणि तो दिवस

बाहेरगावी जायचं असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचा. रात्रभर गाडीत बसून सकाळी थेट खोलीसमोर उभं राहिलं की आवाज बसलेला आणि पाय आखडलेले असतात. संध्याकाळी जागा बघून या. दार कुठलं, स्वच्छतागृह कुठे, चहा कुठे मिळतो, एवढं माहीत असलं तरी निम्मी भीती जाते.

त्या रात्री नवं काही पाठ करू नका. फाईल लावा: प्रवेशपत्र, गुणपत्रिका, फोटो, ओळखपत्र, सगळ्याच्या दोन-दोन प्रती. रोज जे खाता तेच खा.

सकाळी आवाज जागा व्हायला दोन-तीन तास द्या. बाहेरच्या व्हरांड्यात बाकीची मुलं तयारी करत असतील. कुणी तानांचा पाऊस पाडत असेल, कुणी मोठमोठ्याने रडण्याचा सराव करत असेल. ते ऐकत बसू नका. एखादी चक्कर मारून या. नंबर लागायला चार तास लागू शकतात, म्हणून पाणी आणि डबा जवळ हवा.

आत गेल्यावर नमस्कार करा, नाव सांगा, एक श्वास घ्या, सुरुवात करा. ‘माझा घसा बसलाय’ ही प्रस्तावना नको, तिचा कुणाला उपयोग नसतो. विसरलात तर माफी मागत बसू नका, जिथे आठवतं तिथून पुढे जा. शेवटी गप्पांसारखी मुलाखत होते: अलीकडे कोणतं नाटक पाहिलं, काय वाचलं? मोठी नावं फेकू नका. आपल्या गावात व्यावसायिक नाटक वर्षाकाठी एखाद-दुसरंच येत असेल तर तसं सांगा, आणि मंडळाच्या एकांकिकेत पडदा ओढण्यापासून काय काय केलं तेही सांगा. तो अनुभव खराच असतो.

आई-बाबांना दोन शब्द

‘पुढे काय?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. या क्षेत्रात पहिल्या तारखेच्या पगाराची हमी नाही आणि तशी हमी कुणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण हा प्रश्न फॉर्म भरण्याआधी बसून बोला: पैसे किती, किती वर्षं, जोडीला बी.एड. किंवा दुसरं काही करता येईल का. एकदा ठरलं की ऑडिशनच्या सकाळी तो पुन्हा काढू नका. त्या दिवशी डबा द्या, सल्ला देऊ नका. दाराशी कान लावून उभे राहू नका. बाहेर आल्यावर ‘कसं झालं?’ ऐवजी ‘भूक लागली का?’ विचारा. बाकीचं ती आपणहून सांगेल.

यादी लागते तेव्हा

जागा थोड्या असतात. नाव आलं नाही याचा अर्थ कला नाही असा होत नाही. त्या वर्षी, त्या दिवशी, त्या थोड्या जागांत तुम्ही बसला नाहीत, एवढाच होतो. आठवतंय तोवर त्याच रात्री वहीत लिहून ठेवा: काय विचारलं, कुठे अडकलो. पुढच्या वर्षाची तीच पहिली शिदोरी.

माझ्या भाचीने ते वर्ष इथेच बी.ए.ला नाव घालून काढलं. रोज दुपारी ती आजीजवळ बसायची. आजी लहानपणच्या मांडवीच्या बाजाराच्या, सूरसागरच्या काठाच्या गोष्टी सांगायची आणि ही ऐकायची. कधीकधी त्याच गोष्टी परत आजीलाच सांगायची. वाचनही आजीसमोरच. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेली. या वेळीही मध्येच थांबवलं, या वेळीही वेगळ्या तऱ्हेने करायला सांगितलं. तिने तोच उतारा आमच्या बडोदी मराठीत सांगितला, ‘ने’सकट. परीक्षक हसले, पण आधीसारखी लाज वाटली नाही म्हणाली. यादीत तिचं नाव खालून दुसरं होतं. आजीला फोन केला तेव्हा आजीने पहिलं विचारलं, ‘तिथे जेवणाचं काय?’

एक सुचवावंसं वाटतं. आपल्या मंडळांकडे सभागृह आहे, पेटी-तबला आहे, निवृत्त शिक्षक आहेत, जुने नट आहेत. मे महिन्यातला एक रविवार ठेवूया. फॉर्म भरलेल्या मुलांना एकेक करून आत बोलवायचं, ऐकायचं, मध्येच थांबवायचं आणि म्हणायचं, ‘आता हेच आजीला सांग.’ पहिल्यांदा गोंधळायचं ते आपल्या माणसांसमोर गोंधळलेलं बरं.